घशाचा एक दुर्मीळ कर्करोग आणि विषाणू

प्रास्ताविक

'घशाचा कर्करोग' हे शब्द कानी पडताच तंबाखू, विडी, गुटखा आणि मद्य यांची आठवण होते. ते स्वाभाविकच आहे. आपल्या देशात तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांचे सर्वांत मोठे कारण तंबाखू हेच आहे. परंतु तंबाखूला कधीही न शिवलेल्या माणसालाही घशाचा कर्करोग झाल्याची उदाहरणे आढळतात. अशा काही दुर्मीळ कर्करोगांच्या मुळाशी विषाणूचा संसर्ग असतो, हे गेल्या साठ वर्षांतील संशोधनाने सिद्ध झाले आहे.

विषाणू म्हटले की मनात दुसरी शंका येते. मग हा कर्करोग एकाकडून दुसऱ्याला होतो काय? रुग्णाच्या पंक्तीला बसावे की नाही? अपुऱ्या माहितीतून अशी भीती निर्माण होते आणि तिचा भार आजारी माणसालाच वाहावा लागतो. म्हणून विषाणू आणि कर्करोग यांचे नेमके नाते काय, हे आपण या पाठात समजून घेणार आहोत.

हा पाठ वाचल्यानंतर आपण

• नासाग्रसनी म्हणजे काय, ते सांगू शकाल;
• विषाणू आणि कर्करोग यांचा संबंध कसा सिद्ध झाला, ते स्पष्ट करू शकाल;
• संसर्ग होणे आणि कर्करोग होणे यांतील फरक ओळखू शकाल;
• या रोगाची लक्षणे वेळीच ओळखून योग्य सल्ला घेऊ व देऊ शकाल.

मूळ पाठ

नासाग्रसनी : नाकामागची दडलेली जागा

ज्याला आपण व्यवहारात 'घसा' म्हणतो, त्याला शास्त्रात ग्रसनी असे नाव आहे. ग्रसनीचे तीन भाग पडतात. नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वर असलेला भाग म्हणजे नासाग्रसनी. तोंड उघडल्यावर समोर दिसणारा, गलग्रंथी म्हणजे टॉन्सिल्स आणि जिभेचे मूळ यांचा भाग म्हणजे मुखग्रसनी. त्याखाली स्वरयंत्राच्या मागे अन्ननलिकेपर्यंत जाणारा तिसरा भाग असतो.

यांपैकी नासाग्रसनी आरशात पाहूनही दिसत नाही. आपण आत घेतलेला श्वास तिच्यातूनच पुढे जातो. दोन्ही कानांकडून येणाऱ्या बारीक नलिकाही तिच्यातच उघडतात. सर्दी झाली की कानाला दडे बसतात, त्याचे कारण हेच. या नलिकांच्या मुखाजवळ दोन्ही बाजूंस एकेक खोलगट कोपरा असतो. नासाग्रसनीचा कर्करोग बहुधा याच कोपऱ्यात सुरू होतो. जागा अशी आडोशाची असल्यामुळे रोग बराच काळ लपून राहतो.

जगभरात दरवर्षी सुमारे 1 लाख 30 हजार लोकांना हा रोग होतो. इतर कर्करोगांच्या मानाने ही संख्या लहान आहे. त्यातही निम्म्याहून कितीतरी अधिक रुग्ण पूर्व आणि आग्नेय आशियातील आहेत. दक्षिण चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात हा रोग इतका परिचित आहे की, त्या प्रांताच्या जुन्या नावावरून त्याला 'कँटनचा कर्करोग' असे म्हटले जाई. स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्याचे प्रमाण दुप्पट ते तिप्पट असते. एकच रोग एका प्रदेशात वारंवार दिसावा आणि दुसऱ्या प्रदेशात क्वचितच आढळावा, असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता संशोधक एका विषाणूपर्यंत जाऊन पोहोचले.

युगांडातून लंडनला : विषाणूचा शोध

या शोधाची सुरुवात घशाच्या कर्करोगापासून झाली नाही, तर आफ्रिकेतील लहान मुलांच्या एका वेगळ्याच रोगापासून झाली. डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात काम करीत होते. तेथील अनेक मुलांच्या जबड्यावर वेगाने वाढणाऱ्या गाठी त्यांना दिसल्या. 1958 मध्ये त्यांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. आफ्रिकेच्या उष्ण व पावसाळी पट्ट्यातच हा रोग आढळतो, हेही त्यांच्या लक्षात आले. मार्च 1961 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांनी याविषयी व्याख्यान दिले. श्रोत्यांमध्ये अँथनी एप्स्टाइन हे तरुण संशोधक होते. रोग जर हवामानानुसार पसरत असेल, तर त्यामागे एखादा विषाणू असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला.

त्यानंतर युगांडातून अशा गाठींचे नमुने विमानाने लंडनला येऊ लागले. जवळजवळ तीन वर्षे एप्स्टाइन यांच्या हाती काहीच लागले नाही. डिसेंबर 1963 मध्ये असाच एक नमुना येत असताना लंडनवर दाट धुके पसरले होते. विमान मँचेस्टरला वळवावे लागले आणि नमुना उशिरा पोहोचला. बाटलीतील द्रव गढूळ झाला होता. असा द्रव जिवाणूंमुळे नासला असे समजून फेकून देण्याचीच रीत. एप्स्टाइन यांनी मात्र त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गढूळपणा जिवाणूंचा नव्हता. गाठीतून सुट्या झालेल्या जिवंत पेशी त्या द्रवात तरंगत होत्या.

या सुट्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात त्यांना यश आले. त्यांच्या सहकारी य्व्होन बार यांचा या कामात मोठा वाटा होता. मूळचे त्रिनिदादचे असलेले बर्ट अकाँग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम पाहत. 1964 च्या आरंभी या सूक्ष्मदर्शकातून त्या पेशींमध्ये विषाणूचे कण स्पष्ट दिसले. मार्च 1964 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. पुढे त्या विषाणूला 'एप्स्टाइन-बार विषाणू' हे नाव मिळाले. मानवी कर्करोगाच्या पेशीत सापडलेला हा पहिला विषाणू होय.

संशयाकडून पुराव्याकडे

एखादा माणूस घटनास्थळी सापडला, एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही. तसेच विषाणू पेशीत सापडला, म्हणून त्यानेच रोग घडवला असे म्हणता येत नाही. तो केवळ पाहुणा म्हणूनही तेथे राहत असेल. त्यामुळे पुढील पुरावे पायरीपायरीने गोळा करावे लागले.

पहिली पायरी होती रक्ताची. कोणताही विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. 1966 मध्ये असे आढळले की, आफ्रिकेतील त्या मुलांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आहेतच. पण नासाग्रसनीच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातही ती आहेत. या विषाणूचे आणि घशाच्या या रोगाचे नाव एकत्र जोडले गेले, ते येथून.

दुसरी पायरी होती गाठीची. 1970 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाग्रसनीच्या गाठींमध्ये या विषाणूचा डीएनए, म्हणजे त्याचे आनुवंशिक द्रव्य, असल्याचे दाखवले. तरीही शंका उरली होती. गाठीत कर्करोगाच्या पेशींबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशीही असतात. विषाणू त्यांत असेल तर? 1973 मध्ये ही शंका फिटली. विषाणूचा डीएनए प्रत्यक्ष कर्करोगाच्याच पेशींत असल्याचे सिद्ध झाले.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. विषाणू आधी आला की गाठ आधी आली? एका साध्या उदाहरणाने ही गोष्ट समजून घेऊ. विषाणूचा डीएनए म्हणजे मण्यांची एक सुटी सर आहे, असे समजा. पेशीत शिरल्यावर तिची दोन्ही टोके जोडली जातात आणि तिची माळ होते. गाठ मारताना टोकाचे काही मणी गळतात. किती गळतील, याचा नियम नाही. म्हणून दर वेळी तयार होणाऱ्या माळेच्या गाठीजवळील मण्यांची संख्या वेगळी असते. आता गाठ वाढल्यानंतर विषाणू निरनिराळ्या पेशींत शिरला असता, तर प्रत्येक पेशीतील माळ वेगळी दिसली असती. 1986 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तपासले, तेव्हा एका गाठीतील सर्व पेशींत एकाच प्रकारची माळ आढळली. म्हणजे विषाणू आधी एका पेशीत शिरला आणि त्या एका पेशीपासूनच सारी गाठ वाढली. पाहुणा नंतर आलेला नव्हता; तो आरंभापासून घरात होता.

अशा अनेक पुराव्यांचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये एप्स्टाइन-बार विषाणूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कारणांत, स्थान दिले.

संसर्ग सर्वांना, रोग थोड्यांना

आता एक आश्चर्याची गोष्ट पाहू. हा विषाणू दुर्मीळ मुळीच नाही. जगातील 90 टक्क्यांहून अधिक प्रौढ माणसांच्या शरीरात तो असतो. हा पाठ वाचणाऱ्या बहुतेकांच्या शरीरातही तो असणार. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. आपल्यासारख्या देशांत बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो आणि त्या वेळी काही लक्षणेही दिसत नाहीत. तरुणपणी प्रथमच संसर्ग झाला, तर काहींना ताप, घसादुखी आणि मानेतील ग्रंथींची सूज असा आजार होतो. तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्यानंतर विषाणू रक्तातील काही पांढऱ्या पेशींत जन्मभर निपचित पडून राहतो. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवून असते.

मग कर्करोग थोड्यांनाच का होतो? कारण विषाणू हे एकच कारण पुरेसे नाही. बी सर्वत्र पडते, पण रुजायला जमीन, ओलावा आणि ऊन हे सारे जुळून यावे लागते. तसेच येथे घडते.

पहिली गोष्ट आनुवंशिक घडणीची. काही कुटुंबांत व काही वंशसमूहांत हा रोग अधिक आढळतो. विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखण्याची शरीराची क्षमता ज्या जनुकांवर अवलंबून असते, ती माणसामाणसांत वेगळी असतात. दक्षिण चीनमधून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्यांच्या पुढील पिढ्यांत या रोगाचे प्रमाण कमी झाले. तरीही ते तेथील इतर लोकांपेक्षा जास्तच राहिले. यावरून वंशाचा आणि परिस्थितीचा, दोन्हींचा वाटा दिसून येतो.

दुसरी गोष्ट आहाराची. दक्षिण चीनमध्ये विशिष्ट पद्धतीने खारवलेले मासे खाण्याची रीत होती. दूध तुटणाऱ्या तान्ह्या मुलांनाही ते भाताबरोबर भरवले जात. अशा माशांत नायट्रोसमाइन नावाची घातक रसायने तयार होतात. लहानपणापासून असे मासे खाणाऱ्यांत हा कर्करोग अधिक होतो, असे सिद्ध झाल्यावर 1993 मध्ये त्या माशांचाही निश्चित कारणांत समावेश झाला. हाँगकाँगमध्ये राहणीमान व आहार बदलत गेले, तसा हा रोगही ओसरू लागला. 1980 च्या दशकाच्या आरंभी तेथे दर लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे 28 जणांना तो होत असे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस हे प्रमाण सुमारे 20 वर आले. या काळात विषाणू काही तेथून निघून गेला नव्हता.

तिसरी गोष्ट धूर, धूळ आणि तंबाखू यांची. या साऱ्यांच्या माऱ्याने नासाग्रसनीच्या अस्तरातील पेशींच्या जनुकांत आधी काही बिघाड होतात. अशा बिघडलेल्या पेशीत विषाणूला कायमचा आसरा मिळतो, असे अभ्यासकांचे आजचे मत आहे. एकदा ठाण मांडल्यावर तो स्वतःची काही प्रथिने तयार करतो. ही प्रथिने पेशीला सतत वाढत राहण्याचा खोटा आदेश देतात.

आपल्या देशातील चित्र

भारताच्या बहुतेक भागांत नासाग्रसनीचा कर्करोग फारच क्वचित आढळतो. वर्षाला दर लाख लोकांमागे एकाहूनही कमी, असे त्याचे प्रमाण आहे. म्हणूनच मराठी घरांत या रोगाचे नावही सहसा ऐकू येत नाही. पण आपल्याच देशाच्या ईशान्य टोकाला चित्र अगदी निराळे आहे. नागालँडमध्ये हा रोग देशाच्या इतर भागांपेक्षा कित्येक पटींनी अधिक होतो. मणिपूर व मिझोराममध्येही त्याचे प्रमाण वाढलेले दिसते.

नागालँडच्या डोंगराळ प्रदेशात घराच्या मधोमध चूल पेटती ठेवण्याची आणि तिच्यावर मांस टांगून धुरावून टिकवण्याची परंपरा आहे. थंडी-पावसाच्या दिवसांत घर उबदार राखण्याचा आणि अन्न साठवण्याचा तो शहाणपणाचा मार्ग होता. मात्र धुरावलेले मांस आणि कोंदट घरातील धूर यांचा या कर्करोगाशी संबंध असल्याचे तेथील अभ्यासांत दिसून आले आहे. येथेही विषाणू, आनुवंशिक घडण आणि परिस्थिती ही तिन्ही कारणे एकत्र येतात. यासाठी कोणत्याही समाजाच्या चालीरीतींना नावे ठेवण्याचे कारण नाही. चुलीचा धूर घराबाहेर जाण्याची सोय करणे, हा उपाय देशातील प्रत्येक स्वयंपाकघराला लागू आहे.

दुसरा विषाणू

घशाच्या कर्करोगाशी आणखी एका विषाणूचा संबंध आहे. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, संक्षेपाने एचपीव्ही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे हे मुख्य कारण. ते शोधून काढल्याबद्दल वर उल्लेखिलेल्या त्सुर हाउझेन यांना 2008 मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. हाच विषाणू, विशेषतः त्याचा 16 क्रमांकाचा प्रकार, गलग्रंथी आणि जिभेचे मूळ येथे कर्करोग घडवू शकतो. अमेरिकेत मुखग्रसनीच्या बहुसंख्य कर्करोगांमागे आज हाच विषाणू आढळतो. भारतात मात्र त्या जागीही तंबाखूचाच वाटा मोठा आहे.

दोन विषाणूंतील एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. एप्स्टाइन-बार विषाणूवर आजवर कोणतीही लस वापरासाठी मान्य झालेली नाही. एचपीव्हीवर मात्र लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या अशा लशीला 2022 मध्ये भारतात मान्यता मिळाली. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणे हा तिचा मुख्य उद्देश असून ती लहान वयातच घेणे अधिक गुणकारी ठरते.

लक्षणे, निदान आणि उपचार

नासाग्रसनीचा कर्करोग आरंभी साध्या तक्रारींचे सोंग घेऊन येतो. त्याची प्रमुख लक्षणे अशी आहेत :

• मानेच्या वरच्या भागात न दुखणारी गाठ;
• एकाच कानाला दडे बसणे, कमी ऐकू येणे किंवा कानात आवाज होणे;
• नाक सतत चोंदणे, नाकातून वा थुंकीतून रक्त पडणे;
• डोकेदुखी, चेहऱ्याला बधिरपणा किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे.

अशी लक्षणे दिसली म्हणजे कर्करोगच झाला, असे मुळीच नाही. बहुतेक वेळा कारण साधेच असते. परंतु प्रौढ माणसाची अशी तक्रार दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. ते नाकातून बारीक दुर्बीण घालून आतील भाग पाहतात. संशय आल्यास लहानसा तुकडा काढून तपासतात. याच तपासणीला बायॉप्सी म्हणतात.

या जागी शस्त्र चालवणे अवघड असल्यामुळे किरणोपचार हाच मुख्य उपचार ठरतो. रोग पुढे गेला असेल, तर त्याच्या जोडीला औषधी रसायनांचे उपचार दिले जातात. हा कर्करोग किरणांना चांगला दाद देतो. आरंभीच्या अवस्थेत आलेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात. सारा प्रश्न आहे तो वेळेवर येण्याचा.

येथे त्या विषाणूचाच उपयोग करून घेण्याची युक्ती शास्त्रज्ञांना सुचली. गाठीतील पेशी मरतात तेव्हा विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. हाँगकाँगमध्ये कोणतेही लक्षण नसलेल्या 20,174 पुरुषांचे रक्त या तुकड्यांसाठी तपासण्यात आले. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीत 34 जणांना कर्करोग असल्याचे कळले आणि त्यांतील 71 टक्के रुग्ण आरंभीच्या दोन अवस्थांत होते. एरवी तेथे जेमतेम 20 टक्के रुग्ण इतक्या लवकर सापडत. ज्या विषाणूने रोगाला हातभार लावला, त्यानेच रोगाची चाहूलही दिली. जेथे रोग दुर्मीळ आहे, तेथे सरसकट सर्वांची अशी तपासणी करण्याची गरज नसते. जेथे तो अधिक आहे, तेथे मात्र ती जीव वाचवू शकते.

रुग्णाशी आपले वागणे

पाठाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. विषाणू जातो, पण तो तर आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात बालपणापासूनच आहे. रुग्णाजवळ बसल्याने, त्याची सेवा केल्याने किंवा त्याच्यासोबत जेवल्याने त्याचा कर्करोग आपल्याला होत नाही. त्याची भांडी वेगळी ठेवणे, मुलांना त्याच्यापासून दूर ठेवणे याला शास्त्राचा कोणताही आधार नाही.

'त्याने काहीतरी वाईट केले असेल, म्हणूनच त्याला हा रोग झाला,' असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. लहानपणी नकळत शिरलेला विषाणू, जन्मतः मिळालेली जनुके आणि ज्या घरात वाढलो तेथील अन्न व धूर, यांतील कोणतीही गोष्ट माणसाने स्वतः निवडलेली नसते. अशा रुग्णाला दोष देण्याने तो आपला आजार लपवू लागतो. लपवलेला आजार उशिरा उघड होतो आणि उशीर हाच या रोगाचा खरा मित्र आहे. म्हणून विज्ञानाने दिलेली ही माहिती आपल्या घरात, शेजारात आणि कामाच्या ठिकाणी पोहोचवणे, हेही एक प्रकारचे औषधच होय.

शब्दार्थ

ग्रसनी – घसा, अन्न व श्वास जाण्याचा मार्ग
शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
प्रतिपिंडे – रोगजंतूंशी लढण्यासाठी रक्तात तयार होणारी प्रथिने
आनुवंशिक – आईवडिलांकडून मुलांकडे येणारे
किरणोपचार – विशिष्ट किरणांनी रोगट पेशी नष्ट करण्याचा उपचार
ठाण मांडणे – एका जागी पक्के बसणे
दाद देणे – (येथे) उपचाराला प्रतिसाद देणे

स्वाध्याय

1. नासाग्रसनीतील रोग बराच काळ का लक्षात येत नाही?
2. गढूळ झालेला नमुना एप्स्टाइन यांनी फेकून दिला असता, तर काय झाले असते? आपल्या शब्दांत लिहा.
3. विषाणू गाठीच्या आधीपासून पेशीत होता, हे माळेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
4. 'संसर्ग सर्वांना, रोग थोड्यांना' या विधानाची कारणे सांगा.
5. आपल्या शेजारी घशाच्या कर्करोगाचा रुग्ण आहे आणि लोक त्याच्या घरी जाणे टाळतात. त्यांना समजावून सांगणारे दहा ओळींचे पत्र लिहा.